महागाचं तेल आणि नहराचा चढ

आरोपी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला आणि "माझी तक्रार घ्या" म्हणून माझ्याच टेबलावर हात आपटला, असं माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं. तो प्रसंग मी किती जणांना सांगितला असेल, पण सांगायचा कंटाळा मला अजून आलेला नाही.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. मोहाडीचा बाजार करून एक अंगणवाडी सेविका आंधळगावच्या फाट्यावर उतरली आणि पायी घरी निघाली. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाचा चढ सुरू होतो तिथे मोटारसायकलवरच्या दोघांनी तिच्या गळ्यातली सोन्याची पोत ओढली. दोघांच्या तोंडाला दुपट्टे होते, नंबर प्लेटवर चिखल थापलेला आणि गाडी लाल-काळी. आम्ही फिर्याद नोंदवली, घटनास्थळाचा पंचनामा केला. जबाब लिहिणारा हवालदार एक वाक्य सोडूनच देणार होता, मी ते मुद्दाम लिहायला लावलं.

"गाडी लय बोंबलत होती साहेब, पण चढत नव्हती," बाई म्हणाल्या होत्या. "मागचा उतरला, पुलावर पयत गेला, अन् वर जाऊन बसला."

मला गाड्यांचं पहिल्यापासून वेड. माझ्या गाडीला मी दुसऱ्याचा पाना लावू देत नाही. इंजिन ओरडतं आणि चाक ओढत नाही, याचा अर्थ क्लच घसरतोय, हे मला ऐकताक्षणी कळलं. मी पथकाला सांगितलं, लाल-काळ्या गाड्या शंभर असतील, आपल्याला घसरणारी हवी आहे.

पथकाने मात्र माणूस आधीच धरला होता. वरठीच्या एका कारखान्यात जाणारा तिशीतला कंत्राटी कामगार, रोज त्याच रस्त्याने, त्याच सुमारास, तसल्याच गाडीवर. त्याची गाडी मी स्वतः नहराच्या पुलावर चालवली, मागे जाडजूड हवालदाराला बसवून. अशी चढली की विचारू नका. पथकाचं म्हणणं पडलं, दुरुस्त करून घेतली असेल. ते अशक्य नव्हतं, म्हणून त्याला चौकशीला बोलावणं सुरूच राहिलं. तो बिचारा येऊन बाकावर बसायचा आणि विचारलं की एकच सांगायचा, मी कामावर जात होतो. त्याची आई आवाराच्या कडुनिंबाखाली थांबायची. एकदा मी बाहेर पडताना ती उठली, "जय भीम साहेब" म्हणाली आणि सांगितलं, ठेकेदाराने निरोप पाठवलाय, आणखी एक खाडा झाला तर गेटपास जमा करून घेणार. त्या गेटपासवर घरातली पाच तोंडं जेवत होती. मी म्हटलं, बाई, मी तपास थांबवलेला नाही. खरंच थांबवला नव्हता. वरठी आणि मोहाडीच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना मी सांगून ठेवलं होतं, अशी गाडी क्लच घसरतो म्हणून आली की मला फोन करायचा.

फोन आला वरठीहून. मेकॅनिक वैतागला होता. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला नव्या क्लच प्लेटा टाकल्या, तरी गाडी घसरतेच. तेल बदला म्हटलं तर गिऱ्हाईक अंगावर धावून आलं, आणि आता तुमच्याच ठाण्यात तक्रार द्यायला निघालंय. गाडी लाल-काळीच होती. मी फोन ठेवला आणि दोन चहा सांगितले.

आला. इस्त्रीचा शर्ट, गॉगल. दुसऱ्याच एका ठेकेदाराची चारचाकी चालवायचा. चोर म्हणून गावोगाव दुसऱ्याचं नाव झालेलं, त्यामुळे गडी बिनधास्त. मेकॅनिकने डुप्लिकेट प्लेटा टाकल्या, गुन्हा दाखल करा, हा त्याचा हेका. मी म्हटलं, बसा. गाडीची तारीफ केली आणि विचारलं, तेल कोणतं टाकता?

झालं! माणूस असा खुलला की विचारू नका. मालकाच्या गाडीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं, कारचं, फुल सिंथेटिक, सगळ्यात महागाचं. "आमच्या गावात कोनी असं तेल पाह्यलं बी नसन, साहेब."

इथे वाचकांसाठी एक सांगतो, फुकटचा सल्ला आहे. कारचा क्लच कोरडा, इंजिनपासून वेगळा असतो. आपल्या मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती क्लचच्या प्लेटांवर बसली की प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत, मग नव्या टाका नाहीतर सोन्याच्या टाका. डब्यावरची किंमत बघू नका. तेल मोटारसायकलचं आहे का आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं आहे का, तेवढं बघा. स्कूटरचं तेलसुद्धा चालत नाही.

त्याला मी यातलं काही सांगितलं नाही. एवढ्या भारी तेलावर गाडी डबल सीट चढ चढत असेल ना, असं साळसूदपणे विचारलं.

"कायची चढते," तो चिडून म्हणाला. "नहराच्या पुलावर मागच्याले उतरा लागलं."

"कोण होता मागे?"

"माह्या मावसभाऊ," म्हणाला, आणि चहाचा कप तसाच धरून राहिला. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं. मग लागला सारवासारव करायला, पूल दुसरा होता, दिवस दुसरा होता. मी त्याला बोलू दिलं आणि तोवर मावसभावाला आणायला गाडी पाठवली. त्याला वेगळ्या खोलीत बसवून मी एवढंच विचारलं, पुलावर उतरून किती लांब पळालास? त्याला वाटलं, भावाने सगळं ओकलं. तो रडायलाच लागला. दोन पंचांसमक्ष त्याने निवेदन दिलं आणि घरातल्या धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, हात घालून पोत काढून दिली. बाईंनी ती लगेच ओळखली.

या केसने मला चौकशीचा एक धडा दिला आणि पुढे तो मी शिकाऊ अधिकाऱ्यांनाही दिला. माणसाला ज्याची भीती असते ते तो दाबून ठेवतो, त्याभोवती डोकं आपटत बसू नका. त्याला ज्याचा गर्व आहे ते विचारा. दार तो स्वतः उघडून देतो.

कारखान्याच्या ठेकेदाराला मी स्वतः फोन लावला. तुमच्या या कामगारावर कसलाही गुन्हा नाही, खाडे पोलिसांमुळे झाले, गेटपासला हात लावू नका, असं स्पष्ट सांगितलं. तो हो म्हणाला. कामगाराला आणि त्याच्या आईला बोलावून मी हे सांगितलं आणि मोठ्या रुबाबात त्याला समजावलंही, तुझी गाडी चढली आणि त्याची चढली नाही, तिथेच मला खात्री पटली होती. वाटलं, हा पाया पडेल.

तो पाया पडला नाही. आईची पिशवी उचलून हातात घेतली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, मी त पयल्या दिवसापासून खरंच सांगून राह्यलो होतो. गाडीचं ऐकलं तुमी. माह्यं काहून नाही ऐकलं?"