सातव्या खुर्चीतला होकार

माझी भावजय लव्हर्न हिला उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं स्वयंपाक केला, आणि चर्चच्या प्रत्येक जेवणाला साठ माणसांचं बटाट्याचं सॅलडही तिच्याच गळ्यात. गळ्यात घालणारी बहुतेक वेळा मीच. तिचं उत्तर ठरलेलं, "सगळ्यांचं ठरलंच आहे, तर मी कशाला मोडता घालू?"

मग तिला ज्युरीवर बोलावणं आलं. ड्वेन सँडिफर नावाच्या पोरावर टपालाची गाडी पळवल्याचा आरोप होता. साक्षीदारानं चोराची नुसती पाठ पाहिलेली. अकरा जण 'दोषी' म्हणत होते, सातव्या खुर्चीतल्या लव्हर्नला पटत नव्हतं, आणि बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय कुणाला घरी जाता येईना. पण शुक्रवार होता, संध्याकाळी शाळेची फुटबॉलची मॅच. बाई नमली. निकाल वाचल्यावर न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं, "हा तुमचाही निकाल आहे ना?" लव्हर्ननं आपलं ते ठरलेलं वाक्य म्हटलं. न्यायाधीश लगेच आठव्याकडे वळले.

पोरगा तुरुंगात गेला आणि हिची झोप उडाली.

"मर्टल, मी त्याला आत घातलं गं."

"अगं, बारा जणांनी घातलं. तू सॅलडचं बघ," मी म्हणायचे. लाज वाटते आता.

दीड वर्षानं सेंट लुइसच्या अपील कोर्टानं शिक्षा रद्द करून खटला नव्यानं चालवायला सांगितलं. निकालात लव्हर्नचं नाव नव्हतं, 'ज्युरर क्रमांक सात' एवढंच. पण वाक्य जसंच्या तसं पेपरात आलं आणि अख्ख्या गावानं ते ओळखलं! रविवारी पास्टर म्हणाले, "काय क्रमांक सात, बऱ्या आहात ना?" ती कानापर्यंत लाल झाली.

तिनं निकालाची अकराच्या अकरा पानं मिळवली आणि चष्मा लावून मला एक ओळ वाचून दाखवली : 'हा होकार नव्हे. थांबून पुन्हा विचारायला हवं होतं.' मी बटाटे मोजायचं निमित्त केलं.

नव्या बारा जणांनी ड्वेनला निर्दोष सोडलं. त्याच आठवड्यात चर्चची सहल होती.

"लव्हर्न, सॅलड करशील ना?"

"सगळ्यांचं ठरलंच आहे, तर..."

मी निघालेसुद्धा. दारातून मागे फिरले.

"लव्हर्न, तुला खरंच करायचंय का?"

"नाही," ती म्हणाली.

सहलीला ती हात हलवत आली, माझं सॅलड दोनदा वाढून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मीठ कमी आहे, मर्टल."