पाहुणे म्हणून आत या

दिगंबरमामा गेल्याचा फोन पप्पांनीच केला. मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. "दिगंबर गेला, बाळा... झोपेतच," एवढंच ते म्हणाले. तीन वर्षं ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते, म्हणून मला वाटलं होतं पप्पांचा आवाज कोरडा असेल. तसा तो नव्हता. कोरडे माझेच डोळे होते. आता महिना होऊन गेलाय. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं असं सगळे म्हणतात. मला जमेल की नाही, माहीत नाही... जसं आठवतं तसं लिहिते.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. परभणीकडून आधी तेच इकडे आले, भोसरीतल्या एका कारखान्यात कायम झाले आणि मग त्यांनीच पप्पांना तिथं ठेकेदाराकडे लावलं. लेथ मशीन एकच. पहिल्या शिफ्टला मामा, दुसऱ्या शिफ्टला पप्पा. दापोडीतल्या आमच्या खोलीत चहा पिताना मामा म्हणायचे, "मशीनला कळत नाही गं, हात कायम कामगाराचा आहे का ठेक्यावरच्याचा. माणसाला बरं कळतं!" आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. अकरावीत समान हक्कांवर बोलायला उभी राहिले तेव्हा पहिलीच ओळ विसरले, पण मामांचं हे वाक्य म्हटलं आणि आवाज सापडला. मामा मागच्या बाकावर बसून शेजारच्यांना सांगत होते, "भाची आहे माझी."

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा होते. त्या दिवशी कामगारांची बायकापोरं आत येतात, मशीन बघतात, पेढे खातात. पण फक्त कायम कामगारांची. ठेक्यावरच्यांनी आदल्या दिवशी मशीन डिझेलनं पुसून लखलखीत करायची आणि पूजेच्या दिवशी घरी बसायचं. मामांबरोबर मी ती मशीन लहानपणापासून पाहिली होती. तीच पप्पांचीही, पण तिच्याजवळ पप्पांना मी कधी पाहिलं नव्हतं. मामा युनियनच्या कमिटीत निवडून आले तेव्हा गेटवरच्या सभेत म्हणाले, "येत्या खंडेनवमीला ठेक्यावरच्यांची घरंही आत येतील. ती बाहेर, तर मीही बाहेर!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. घरी येऊन पप्पा आईला म्हणाले, "नवी साडी काढून ठेव."

त्या दिवशी गेटवर आमच्यासारखी बरीच घरं नटूनथटून आली होती. वॉचमन म्हणाला, "राव, ठेकेदारीवाल्यांना आत नाही. साहेबांचा निरोप आहे." पप्पा हसले. "दिगंबरला बोलव, तो सांगेल." आणि मामा आले... आतून. कपाळाला कुंकू, हातात पेढ्यांचा बॉक्स. आम्हाला बघून थबकले, मग वॉचमनला हळूच म्हणाले, "हे माझे पाहुणे आहेत, सोड." मागून कुणीतरी ओरडलं, "जा भाऊ, पाहुणचार झोडा! आम्ही काय झेंडू विकायला आलोय?" पप्पा जागचे हलले नाहीत.

"काल मशीन मी पुसली, दिगंबर. आज पाहुणा कसा?"

"दाजी, आत चला. इथं तमाशा नको."

"आणि ही सगळी?"

मामांनी पेढ्यांचा बॉक्स आईपुढे धरला. आई आधी मागे वळली, मग आम्ही.

नंतर कळलं, पगारवाढीचा करार आठवडाभर आधीच झाला होता. त्यात ठेक्यावरच्यांना पूजेला आत घेण्याची मागणी सोडून दिली होती आणि मामांनीही सही केली होती. त्या आठवड्यात शिफ्ट बदलताना मशीन पप्पांच्या हाती देऊन ते रोज घरी जात होते, पण त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीत मी त्यांना विचारलं. म्हणाले, "तुला नाही कळायचं. दहा गोष्टी मागितल्या की एक सोडावी लागते." मी म्हटलं, "ती एक आम्हीच का, मामा?" त्यांनी फराळाचं ताट माझ्याकडे सरकवलं... त्यानंतर त्यांचं ते वाक्य मी कुठल्याच भाषणात म्हटलं नाही.

दहाव्याला आम्ही त्यांच्या घरी गेलो. बायका खाली सतरंजीवर होत्या. गल्ली झाडणाऱ्या शांतामावशी आल्या आणि सरळ मामांच्या कॉटवर जाऊन बसल्या. कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मामीनं सगळ्यांना दिला त्याच कपात त्यांनाही चहा दिला. शांतामावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात टेकले होते. भाऊ म्हणाले, मावशी, वर बसा, नाहीतर मी खाली बसतो. अन् खरंच बसले हो माझ्यासमोर, फरशीवर!"

ते खरंच बसले असणार. मामा घरात तसेच होते, मी पाहिलंय. मामा सगळं खोटंच बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं...

पप्पा दाराजवळ भिंतीला टेकून बसले होते. मामी म्हणाली, "दाजी, खाली काय बसलात? वर या की."

"इथं बरंय."

कॉटवर शांतामावशींच्या शेजारी जागा होती. मामीनं मला हातानं तिकडे बोलावलं. मी पप्पांजवळ जाऊन खाली बसले.