दोन सुनांची ताटं

लग्न होऊन तासगावात आले तेव्हा माझं वजन किती होतं, मला ठाऊक नव्हतं. आमच्या जतकडं वजनाची चौकशी व्हायची ती मेंढरांची, विकायच्या वेळी. घरातली सगळीच माणसं काटक. उन्हातान्हात मेंढरांमागं फिरायची, भूक लागली की भाकरी-खर्डा खायची आणि पुन्हा उठायची. कोण किती जेवलं, हे कुणी बघत नव्हतं.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. मग थोरल्या जावेकडं वळून म्हणाल्या, "हिला भरायची हाय, आन् तुला झडवायची."

थोरली जाऊ मेढ्याकडची. मी तिला अक्का म्हणते. उंच, गोरी, अंगानं भरलेली. लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेली, मूल नव्हतं. आत्तींच्या मते त्याचं कारण चरबी. पुढं मलाही दिवस राहिनात, तेव्हा माझं कारण हाडं ठरलं. दोन्ही भाऊ शेती-औषधांच्या दुकानात बसायचे. त्यांच्यात कारण शोधायला कुणी गेलं नाही.

सकाळी माझ्यासमोर भिजवलेले बेदाणे, डिंकाचा लाडू आणि सायीचं दूध. अक्कांसमोर जिऱ्याचं गरम पाणी. आत्ती मोबाईलवर कुठल्या तरी डॉक्टरणीचे व्हिडिओ बघायच्या आणि आवाज मोठा ठेवायच्या, म्हणजे ओट्यापाशी उभ्या असलेल्या अक्कांना ऐकू जावं. दुपारी मला तीन भाकऱ्या, वर तूप. अक्कांना एक, आणि भात नाही. भाताच्या मुलखातल्या मेढ्याच्या पोरीला भात नाही. ताटावरून उठायची परवानगी मला मिळायची नाही, आणि ताटावर बसायची अक्कांना धड मिळायची नाही.

मला तुपाच्या वासानं उमळून यायचं. घास पाण्याबरोबर ढकलायचे. आमच्या ह्यांना एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "लोकांना खायला मिळत न्हाई, आन् तुला मिळतंय तर तक्रार."

आत्ती देवळात गेल्या की मी माझा लाडू अक्कांना द्यायची. त्या पाण्याच्या टाकीकडं तोंड करून दोन घासांत संपवायच्या आणि रात्री आपणहून जेवायच्या नाहीत. "सकाळचा लाडू झाला न्हवं," म्हणायच्या. आपल्याच घरात त्यांना घास चोरून खावा लागायचा, आणि त्याची शिक्षाही त्याच स्वतःला द्यायच्या.

मी पाहत होते की अक्का दमतात. कपडे धुताना मध्येच दगडावर बसायच्या. भर उन्हाळ्यात त्यांना गार वाजायचं. विंचरताना फणीत केसांचा पुंजका यायचा. मी म्हणाले, "अक्का, डॉक्टरला दाखवूया." आत्तींनी ऐकलं. म्हणाल्या, "आळसाला औषध नसतंय."

त्या वर्षी नवरात्रात आत्तींनी अक्कांना नऊ दिवसांचा कडक उपास धरायला लावला. नुसतं पाणी, आणि सांजंला एक केळं. मला उपास करायला बंदी होती. मी देवीसमोर हात जोडले तरी आत्ती म्हणायच्या, "तू आधी जेव." गल्लीतल्या बायका अक्कांच्या पाया पडायला यायच्या. एवढी भक्ती म्हणून त्यांच्या ओटीत नारळ घालायच्या. अक्का हसून आशीर्वाद द्यायच्या. जरा अंग उतरलंय, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा आत्तींचा चेहरा उजळला.

सहाव्या माळेला अक्का न्हाणीत पडल्या. मी दार ढकललं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळातून रक्त येत होतं आणि त्या मलाच म्हणत होत्या, "आत्तींना सांगू नगंस. उपास झेपला न्हाई म्हणतील."

सांगलीला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइडचा आजार निघाला, बऱ्याच दिवसांचा. शिवाय अंगात रक्त फार कमी. आत्तींनी रिपोर्टकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं अंग, आन् रक्त न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, "जाडी उपाशी राहून गेली नसती. आजारामुळं आली होती. गोळी घ्या आणि पोटभर जेवा."

"पोटभर?" थोरल्या दिरांनी विचारलं. तेवढंच विचारलं.

अक्कांचा भाऊ आला आणि त्यांना मेढ्याला घेऊन गेला. इकडून कुणी थांबवलं नाही.

सांगलीहून घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी माझ्यासमोर लाडू आला. मी ताटली सरकवली. "आत्ती, भूक न्हाई." मला वाटलं होतं, काहीतरी मोठं घडेल. घडलं एवढंच, की आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि आमचे हेही बोलले नाहीत. मी मात्र भूक लागली की जेवत होते आणि पोट भरलं की उठत होते. जतला असताना हे शिकावं लागलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी मेढ्याला गेले. अक्कांच्या आईनं भात, आमटी, नाचणीची भाकरी वाढली आणि ती म्हशीचं बघायला निघून गेली. आमच्या ताटांकडं पाहायला कुणी नव्हतं. अक्का आधी दाराकडं बघत जेवल्या, मग बघायच्या थांबल्या. भात पुन्हा घेतला. अर्धी भाकरी पानात राहिली, तरी कुणी काही बोललं नाही. मीही आमटी मागून घेतली. लग्नानंतर मी मागून घेतलेलं ते पहिलंच जेवण. हात धुताना अक्का रडल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत हुतं, मी हावरी हाय."

मी म्हणाले, "तुम्ही उपाशी होता."

उन्हाळ्यात दीर त्यांना परत घेऊन आले. गोळ्यांनी अंग उतरलं होतं, चेहऱ्यावरची सूज गेली होती. वेळच्या वेळी जेवून, रोज भात खाऊन. आत्तींनी गल्लीत सांगितलं, "देवीनं उपासाचं फळ दिलं बगा." बायकांनी पुन्हा नारळ आणले. अक्कांनी ओटी पुढं केली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. बोलायचं होतं, पण अक्कांनी माझ्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. त्यांना त्याच घरात राहायचं होतं. मलाही.

आता आम्ही दोघी दुपारी भूक लागली की बसतो, पुरुष यायच्या आधी. आत्ती बाहेरच्या सोप्यातून टोमणे मारतात, "सुना आधी जेवत्यात, घरचे मागनं." आम्ही जेवतो. कधी अख्खा मसूर आणि भाकरी, कधी नुसता वरणभात, कधी भडंग. गोड असेल तर गोड. अक्का रिपोर्ट चांगला आल्याचं सांगतात, मी ऐकते. मी पहिल्याइतकीच काटक आहे आणि धडधाकट आहे. मुलांचा विषय घरात बंद झालाय. आमच्या ह्यांनी अजून तपासून घेतलेलं नाही.

पण सोप्यात आत्तींची चप्पल वाजली की अक्कांचा हात ताटावर जरासा थांबतो. मी तेव्हा भात वाढते. विचारत नाही. त्या खातात. आत्ती दारात येऊन उभ्या राहतात, ताटाकडं बघतात आणि परत जातात.