मिलिंदचा धुम्म, संज्याचा टक्

मला सांगा, भरोसा ठेवायचा तर कोणावर? कानावर, का माणसावर? हिंगोलीत कॅसेटचं दुकान चालवताना हा सवाल मला नेहमी पडायचा. दुकान बंद झालं. उरलेल्या कॅसेटी भंगारवाल्याला दाखवल्या, तर तोही म्हणाला, "शेठ, डबे द्या, हे नको!" किस्से मात्र कोणी नेत नाही. घरभर पसरून बसलेत. त्यातले निम्मे दोनच गड्यांचे आहेत.

मिलिंद आणि संज्या. दोघंही गावच्या ऑर्केस्ट्रात बास, म्हणजे खर्जातली गिटार वाजवायचे, पण आळीपाळीनं, कारण गिटार एकच! मिलिंद बोटांनी वाजवायचा. आवाज यायचा धुम्म. संज्या प्लास्टिकच्या तिकोनी चकतीनं, म्हणजे पिकनं, तार छेडायचा. आवाज यायचा टक्! मंडपाच्या मागं उभं राहिलं तरी कळायचं, आज गिटार कोणाच्या गळ्यात आहे ते.

*

दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं माझ्या बाकड्यावर हजर. इंग्रजी रॉकच्या कॅसेटी लावायच्या आणि त्यातल्या बासवाल्यांवरून भांडायचं. कॅसेटी कॉपी केलेल्या. वाजवणाऱ्यांची नावं कुठून कळणार? मग आम्हीच ठेवली, मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली. एक 'हमाल', दुसरा 'लिलाववाला'.

"हमाल बघ," मिलिंद म्हणायचा. "सारं गाणं पाठीवर घेऊन चालून राहिला, पण कण्हत न्हाई."

"अन् माझा लिलाववाला?" संज्या उसळायचा. "तुझा हमाल पोतं टाकून बिडी पेटवंपर्यंत माझ्यावाल्यानं सारा मोंढा विकून टाकला!"

हे इतकं वाढलं, की मधे दोघं एकमेकांशी बोलेनात. चहासुद्धा वेगवेगळ्या टपरीवरून!

मग हैदराबादहून हमालाची असली कॅसेट आली. लावली, तर हमाल पळायलाच लागला! कान देऊन ऐकलं. तोच तो लिलाववाला! दोन्ही माणसं एकच होती. हमालाची कॉपी काढताना माझ्या जुन्या डेकचा बेल्ट ढिला झालेला, म्हणून ती हळू वाजायची. गाणाराही सर्दी झाल्यासारखा वाटायचा. पण थंड मुलुखातला माणूस, असंल, असं आम्ही धरून चाललो होतो!

"म्हंजे मीच जिंकलो!" संज्या ओरडला.

"न्हाई लेका," मिलिंद म्हणाला. "शेठचा बेल्ट जिंकला."

त्या दिवशी चहा एकाच टपरीवरून आला.

*

औंढ्याला प्रोग्राम होता. मंडपवाले पुढारी स्टेजवर चढले, गिटार निरखली आणि मिलिंदला म्हणाले, "काहून हो, त्या दुसऱ्या गिटारीला सहा तारा, हिला चारच? बाकीच्या दोन कुठं गेल्या?"

मिलिंद हात जोडून म्हणाला, "सायेब, मायनं कपडे वाळू घालायला ठेवून घेतल्या."

"मग बराबर हाय," म्हणून ते खाली उतरले!

नेमकी त्याच दिवशी त्याची माय पहिल्यांदा प्रोग्रामला आली होती. ती मोंढ्यात हळद निवडायची. पुढच्या रांगेत बसून तिनं सगळं ऐकलं. परतताना जीपमधे सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, सारे वाजवून राहिले होते, तू काहून नुसता उभा होता रे?"

जीप हसली. मिलिंदही हसला. पण दुसऱ्या दिवशी बाकड्यावर आला, तर एकही कॅसेट लावेना. मी म्हणालो, "अरे, बासचं असंच असतं. वाजतो तवर कोणाला कळत नाही."

"ते ठीक हाय, शेठ. एकदा तिला ऐकू यावं, बस. एकदा तरी."

*

तो मोका आला. ऑर्केस्ट्राची कॅसेट निघायची ठरली. नांदेडला स्टुडिओ घेतला, कव्हर आधीच छापून घेतलं. त्यावर मिलिंदचा फोटो, खाली 'बास गिटार : मिलिंद'. आणि रेकॉर्डिंगच्या तोंडावर त्याला कावीळ झाली.

स्टुडिओत संज्या बसला. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानंच वाजवलं. कव्हर पुन्हा छापायला कोण तयार होणार?

संज्या दवाखान्यात जाऊन खाटेजवळ भांडला. "वाजवून वाजवून बोटं माझी सोलली, फोटो तुझा? माझ्या घरचे म्हणतात, तू नांदेडला मेंढरं विकायला गेलता काय!"

मिलिंदला हसताना धाप लागत होती. "बरा झालो ना लेका, की माझ्या हातानं माझं नाव खोडतो अन् तुझं लिहितो. साऱ्या कॅसेटींवर!"

कॅसेट दुकानात आली, तेव्हा मिलिंद नव्हता.

*

मग एक दिवस त्याची माय दुकानात आली. मोंढ्यातून थेट, दोन्ही हात हळदीनं माखलेले. पदराखालून कॅसेट काढली. "भाऊ, शेजारच्याच्या टेपवर लावली. गाणं ऐकू येते, ढोलकी ऐकू येते. फोटो तर ह्याचा हाय. मंग माझं लेकरू यात कुठं हाय?"

संज्या बाकड्यावरच होता. मान खाली.

मिलिंदची बोटं टेपवर कधी उतरलीच नव्हती. स्टेजवर रेकॉर्डिंग करून ठेवावं, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी कॅसेट डेकमधे घातली, बाकीचे आवाज जमतील तेवढे दाबले, मोठ्या स्पीकरचा बास वाढवला आणि म्हणालो, "ताई, हात ठेवा इथं. जाळीवर."

तिनं तळवा ठेवला. गाणं सुरू झालं.

टक्! टक्, टक्...

तिच्या बांगड्या थरथरायला लागल्या. तिनं दुसराही हात लावला, मग कपाळ टेकवलं. गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग मला सोडून तिनं संज्याला विचारलं. "हाच का रे? तुला तर ठाऊक असंल. हाच माझा मिलिंद?"

संज्या उठून तिच्याजवळ आला.

"व्हय, मावशी. त्याच्यासारखं कोणाला वाजवता येते?"

स्पीकरची ती जाळी मी अजून पुसलेली नाही. आणि ती कॅसेट तुमच्या घरी कुठं सापडलीच, तर एक विनंती आहे. कोणी काय वाजवलं, याचा हिशोब इमानदारीनं ठेवा. फक्त कव्हरवर खाडाखोड करू नका.