गालाखालचं फडकं

सरांनी फळा पुसायचं फडकं उचललं. झटकलंसुद्धा नाही. तसंच बंदुकीच्या दस्त्यावर टाकलं आणि म्हणाले, "हं, आता टेकव गाल."

माझ्या आधी सगळ्यांनी त्याच लाकडावर उघडा गाल टेकवला होता. उमरठच्या खोतांच्या सुहासने, डॉक्टरांच्या मुलीने, सगळ्यांनी. माझी पाळी आली आणि फडकं आलं.

"सर, हे कशाला?"

"घामाने लाकूड खराब होतं."

ऑक्टोबरचा उकाडा होता. सुहासचा शर्ट पाठीला चिकटला होता. पण लाकूड खराब करणारा घाम फक्त आमच्या बौद्धवाडीतला. रांगेतल्या सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. मी गाल टेकवला.

महाडच्या कॉलेजात तेव्हा नुकताच नेमबाजीचा वर्ग निघाला होता. एकच छर्ऱ्याची बंदूक, मागचं जुनं गोदाम, भिंतीला टांगलेली कार्डं. मी दासगावहून एसटीने यायचे. मला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात जागा हवी होती. त्या वयात दुसरं काही दिसतच नव्हतं.

सर शिकवायचे चांगलं, ते मी नाकारत नाही. ही बंदूक आवळून धरायची नाही, म्हणायचे. चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते, बंदूक हिसका देते, आणि छर्रा तोवर नळीतच असतो. आवळाल तेवढी ती बिथरते. म्हणून डावा तळवा उघडा ठेवायचा आणि बंदूक त्यावर नुसती टेकू द्यायची. दस्ता खांद्याच्या खोबणीत. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप हळूहळू दाबायचा, बार झाल्यावरही हलायचं नाही. आणि गाल दरवेळी एकाच जागी. गाल सरकला की डोळा सरकतो, आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी जागेवर राहत नाही.

हे सगळं ते मला शिकवायचे आणि मग गालाखाली फडकं टाकायचे.

फडकं सरकायचं. दरवेळी. छर्रा कधी कार्डाच्या वर, कधी भिंतीत. सर मान हलवायचे. "तुमच्याकडे चिकाटी कमी पडते." तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे, हे विचारायची माझी छाती नव्हती. वर्ग सोडला असता तर म्हणाले असते, बघा, जमलं नाही. राहिले तर फडकं. कुठूनही निघाले तरी त्याच गोदामात येऊन पोचत होते. माझी पाळी कायम शेवटची, म्हणजे माझ्यानंतर कुणाला ते लाकूड लागू नये. संध्याकाळी एसटीत बसले की बाया विचारायच्या, "पावडर एकाच गालाला लावलीस काय गो?" खडू होता तो. मी खिडकीकडे तोंड करायचे.

एकदा घरी बोलले. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जायचे, नुकतेच आले होते. ते म्हणाले, "फडका तर फडका. बंदूक तर हाय ना गो हातात? गप नेम मार." मला त्यांचा भयंकर राग आला. आजोबांनी याच महाडात तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, आणि त्यांचा मुलगा मला गप बस म्हणत होता. त्या रात्री मी जेवले नाही. पण पुढच्या सरावाला फडक्यावर गाल टेकवला तो मीच. बाबांनी धरून टेकवला नव्हता.

मग निवडीचा दिवस आला. सुहासची एसटी घाटात बंद पडली, तो आलाच नव्हता. सगळ्यांचं झालं, माझी पाळी आली. सरांनी फडकं टाकलं. मी बंदूक उचलली, तेवढ्यात सुहास धापा टाकत दारात आला. म्हणजे आज माझ्यानंतर कुणीतरी होतं.

मी फडकं काढलं आणि खाली टाकलं. गाल लाकडाला लावला. गार, गुळगुळीत लाकूड. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं ते कसं लागतं. तळवा उघडा ठेवला. श्वास अर्धा सोडला. एकामागून एक छर्रे काळ्या वर्तुळात गेले.

सर म्हणाले, "पुसून दे त्याला."

"नाय पुसणार."

कॉलेजात मी कधी अशी बोलत नसे. वाडीतली भाषा आपोआप तोंडात आली.

सरांनी बंदूक हिसकावली, फडकं उचलून स्वतः दस्ता पुसला, घासून घासून. सुहासने नेम धरला. बंदूक खाली घेतली तेव्हा त्याच्या गालावर खडूचा पांढरा पट्टा होता. कुणी हसलं नाही.

संघात माझं नाव आलं नाही. बेशिस्त, म्हणाले. मी घरी जाऊन रडले, खूप रडले.

पुढच्या सरावाला मी लवकर गेले आणि रांगेत पहिली उभी राहिले. सर म्हणाले, "तू मागे जा." मी गेले नाही. त्यांनी बंदूक पेटीत घातली, कुलूप लावलं, सराव रद्द केला. मुलं माझ्यावर चिडून निघून गेली. चिडू देत.

त्याच्या पुढच्या वेळीही मी पहिलीच उभी होते. बंदूक कुलपात ठेवायची तर खुशाल ठेवा. बाहेर निघाली, की तिच्यावर पहिला उघडा गाल माझा टेकणार.