घंटेची दोरी

कॅनडात मी दोन वर्षं मिशनरी होते, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरच्या मराठी माणसाचा चेहरा आधी पडतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही कन्व्हर्ट झालात?" अहो, मी कशाला कन्व्हर्ट होऊ? बाप्तिस्मा माझ्या पणजोबांच्या वडिलांनी घेतला. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात दगडी चर्च आहे, त्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले. आमच्या घरात मूर्ती म्हणाल तर नाताळच्या गव्हाणीतल्या दोन मेंढ्या, त्यातही एकीचा कान तुटलेला.

बाबा त्या चर्चची झाडलोट करतात आणि घंटा वाजवतात. त्यांच्या आधी आजोबा वाजवायचे. रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी पहिली घंटा आणि उपासना सुरू होताना दुसरी. पहिली घंटा झाली की आसपासच्या वस्तीवरच्या बायका चूल पेटवतात, मग त्या कुठल्याही देवाला मानणाऱ्या असोत. पगार विचारू नका, पण गावात बाबांना मान आहे तो त्या घंटेचा. चर्च म्हणजे बाबांच्या लेखी एकच गोष्ट: तिथे उभं राहून माणूस खोटं बोलत नाही.

मी लहान असताना एका नाताळच्या सकाळी दोरीसाठी हट्ट धरला. बाबांनी दिली. घंटा जड. दोरी वर जायला लागली की हात सैल करायचा असतो. मी कसली सैल करते, घट्ट धरून बसले. घंटेनं मला उचललं आणि दगडी पायरीवर आपटलं. डावी भुवई फाटली. मला खांद्यावर टाकून बाबा मिशनच्या दवाखान्यापर्यंत अनवाणी पळाले. टाके पडले ते मला, आणि हमसून हमसून रडले ते बाबा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट नक्की कोण आहे?" भुवईवरची खूण अजून आहे.

तर मिशन. किचनर शहरातल्या एका मोठ्या चर्चनं मला बोलावलं. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये काम करायला त्यांना मराठी-हिंदी बोलणारी मुलगी हवी होती. बेसमेंटच्या एका खोलीत मी आणि माझी जोडीदारीण राहायचो. ती मेक्सिकोची. तिच्या गावात म्हणे दर हिवाळ्यात कॅनडातली चर्चची पोरं मिशनवर येतात आणि शाळेची एकच भिंत रंगवून जातात. एका वर्षी पिवळी, पुढच्या वर्षी निळी. "भिंत आता रंगावरच उभी आहे," ती म्हणायची.

सकाळी प्रार्थना, मग चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्यानं उपसायचा, दुपारी जोडीनं दारोदार फिरायचं. एकदा एका काकूंनी दार उघडलं. मी मराठीत बोलले तशा त्या हरखल्या. "अगं बाई, आपल्याकडची! आत ये, चहा टाकते." मग माझ्या हातातलं चर्चचं पत्रक दिसलं आणि चहा त्यांच्या तोंडातच राहिला. "आम्हाला नको हं असलं काही." दार बंद. शुक्रवारी विद्यार्थ्यांना फुकट जेवण असायचं. आपली पोरं यायची, बिनमिठाचा पास्ता मुकाट्यानं गिळायची आणि हळूच विचारायची, "ताई, लोणचं आहे का?" त्यांच्यासाठी मी लोणच्याची बरणी ठेवायची. दोन वर्षांत माझ्या हातून घडलेली सेवा म्हणजे ती बरणी, बाकी सगळं डोंबल.

वर्षातून एक रविवार देणगीदारांचा असायचा. त्या दिवशी मिशनरींनी उभं राहून साक्ष द्यायची. साक्ष मला नवी नव्हती. आमच्या गावीही देतात. कुणाची म्हैस आजारातून उठली, कुणाचा मुलगा बारावी पास झाला. उभं राहायचं, देवाचे आभार मानायचे, बसायचं. मी घंटेबद्दल लिहिलं. आजोबांबद्दल लिहिलं, बाबांनी मला मांडीवर घेऊन प्रार्थना शिकवली ते लिहिलं.

आमच्या मिशनचे डायरेक्टर भले गृहस्थ. कुणाशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण यात अंधार कुठे आहे?"

"कसला अंधार?"

"तू येशूकडे येण्याआधीचा. घरून विरोध झाला असेल ना? वडील?"

"वडिलांनीच तर मला शिकवलं," मी म्हटलं.

ते हिरमुसले. मग माझ्या भुवईकडे बघून त्यांनी विचारलं, "हे काय झालं?" मी त्यांना सगळं सांगितलं. नाताळची सकाळ, दोरी, पायरी, अनवाणी पळणारे बाबा. माझं इंग्लिश काही कच्चं नाही, एकेक गोष्ट नीट सांगितली. त्यांनी मान हलवली. "बरं. तुला बोलायचं ते बोल, ओळख मी करून देतो. आणि साडी नेस, लोकांना आवडतं."

मी जोडीदारणीला सांगितलं तेव्हा ती हसली. तिचे वडील दातांचे डॉक्टर, पण आदल्या वर्षी तिची ओळख करून देताना डायरेक्टरांनी तिला गुंडांच्या टोळीतून सोडवून आणलं होतं. "तू काहीच बोलली नाहीस?" मी विचारलं. "माझे वडील हे व्हिडिओ बघत नाहीत," ती म्हणाली.

माझे बघणार होते, हाच तर घोळ होता. उपासना फोनवर लाइव्ह दिसणार, हे कळल्यावर बाबांनी गावभर दवंडी पिटायचीच काय ती बाकी ठेवली होती. आमची सकाळ म्हणजे त्यांची रात्रीच्या जेवणाची वेळ. चर्चच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली, कुणीतरी प्रोजेक्टर आणला. आमच्या चर्चचे पाळकसाहेब वाक्यावाक्याला मराठी करून सांगणार होते. बाबांनी नवा शर्ट शिवला. "घंटा द्यायची का गं, तू बोलायला उभी राहिलीस की?" त्यांनी फोनवर विचारलं. जन्मभर दुसऱ्यांच्या उपासनेसाठी दोरी ओढलेल्या माणसाची मान त्या दिवशी गावासमोर ताठ व्हावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको.

तो रविवार आला. साडी, खाली बर्फाचे बूट, असला माझा अवतार. डायरेक्टर माइकपाशी गेले आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "या मुलीनं येशूला निवडलं तेव्हा तिच्या वडिलांना ते सहन झालं नाही. तिच्या कपाळाकडे बघा. ही खूण त्यांच्या हातची आहे."

कॅमेरा माझ्यावर आला. माझी भुवई मागच्या पडद्यावर दाराएवढी दिसत होती. सगळीकडून 'च् च्' ऐकू आलं. गावाकडची चादर डोळ्यांपुढे आली आणि माझं डोकं असं सणकलं की मी माइक त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "माझे बाबा चर्चची घंटा वाजवतात. मी दोरीवरून पडले. त्यांनी माझ्यावर आजवर बोट उगारलेलं नाही. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे आणि ते माझ्याही आधीपासून आहेत."

मला वाटलं, झालं, सुटले. डायरेक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. तो माणूस ढोंग करत नव्हता, हेच तर मला आजही पचत नाही. ते म्हणाले, "पाहा. ज्या हातानं जखम केली तोच हात ही मुलगी झाकते आहे. याहून मोठी क्षमा कुठली?"

आणि सगळं चर्च उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मी "नाही, ऐका तरी" म्हणून ओरडले, पण माइक बंद झाला होता आणि गिटारवाल्यानं गाणं सुरू केलं होतं. एक आजीबाई मला छातीशी धरून रडल्या. "शूर पोर," म्हणाल्या. शूर म्हणे! कप्पाळ माझं.

चर्चच्या वॉशरूममधून मी बाबांना फोन लावला. मागे एरवी कलकल असते, त्या दिवशी कुणाचाच आवाज नव्हता.

"पाळकसाहेबांनी मधलं थोडं गाळलं," बाबा म्हणाले. "पण लोकांना कळलं गं. आता पोरं इंग्लिश शिकतात."

"बाबा, तो माणूस खोटं बोलला. मी सांगितलं ना सगळ्यांना!"

"हो, ऐकलं. माझी बाजू घेतलीस. पण दोरी मीच दिली होती तुझ्या हातात. 'सोड' म्हणून ओरडायला मला उशीर झाला."

"बाबा, तसं नाही हो ते."

"इतकी वर्षं तुझ्या मनात होतं होय? तिकडच्या साहेबांना सांगितलंस, मला नाही सांगितलंस. तेव्हाच बोलायचं ना पोरी, तेव्हाच माफी मागितली असती."

"मी असं कुणाला काही सांगितलं नाही! तो खोटं बोलला, बाबा!"

"चर्चमध्ये उभं राहून?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "एवढ्या मंडळीसमोर?" मग म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ कर."

मी किती समजावलं म्हणून सांगू. ते "असू दे, असू दे" म्हणत राहिले आणि फोन ठेवला.

मिशन मी सोडलं. आता कॅनडातच, मिसिसागात एअरपोर्टजवळच्या एका ऑफिसात काम करते, रविवारी झोपते. गेल्या नाताळला गावी गेले. सकाळी उपासनेआधी घंटेखाली गावातली पोरं जमली होती, नाताळला दरवर्षी जमतात तशी. एकेकाला दोरीला हात लावायला मिळायचा, अशी आमच्याकडे रीतच होती. बाबांनी सगळ्यांना मागे सारलं. आता ते कुणाच्याच पोराला दोरी देत नाहीत, आई म्हणाली.

मी पुढे झाले आणि हात केला. बाबांनी आधी माझ्या भुवईकडे बघितलं, मग दोरी दुसऱ्या बाजूला घेतली.

"नको," ते म्हणाले, "लागेल तुला." आणि पाठ फिरवून त्यांनी एकट्यानं दुसरी घंटा दिली.