चावा गाळायचा नाही
दुसरं महायुद्ध संपलं, मिसिसिपीतले काळे सैनिक जिंकून घरी आले, पण त्यांची मुलं तशीच मोडक्या बाकांवर बसत होती. कापूसवेचणीला वर्ग ओस पडे. गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली पुस्तकं काळ्यांच्या शाळेच्या माथी मारली जात, आणि त्यांत काळा माणूस औषधालाही नसे. म्हणून ओझेला टॉलिव्हरबाई दरवर्षी पुस्तक मिटून आयडा वेल्स शिकवत. गेल्या शतकात जन्मलेली मिसिसिपीचीच काळी लेक, आधी मास्तरीण, मग पत्रकार. गोऱ्यांच्या झुंडीनं तिच्या मित्राचा जीव घेतला, तेव्हा तिनं बेधडक लिहिलं. तिचं वर्तमानपत्र उद्ध्वस्त केलं, तरी ती गप्प बसली नाही.

मुलांचा जीव मात्र आगगाडीच्या प्रसंगात. बायकांच्या डब्याचं तिकीट असूनही काळी म्हणून कंडक्टर तिला दुसऱ्या डब्यात हाकलू लागला. ती उठेना. त्यानं ओढलं, तशी ती त्याच्या हाताला कडकडून चावली!

हेडमास्तर प्रुइट भला माणूस, पण सदा धास्तावलेला. "बाई, उद्या शाळाखात्याचा गोरा साहेब येतोय. पोरक्या भावंडांना तिनं वाढवलं, एवढंच सांगा. चावा गाळा."

"चावा गाळला तर उरतं काय, मास्तर? गरीब बिचारी!"

"तुमची नेमणूक त्याच्या हातात आहे. नवरा अंथरुणाला खिळलाय. खाणार काय?"

भीती बाईंनाही वाटत होती, का वाटू नये?

दुसऱ्या दिवशी धड्यातली गाडी नेमकी सुटली होती, कंडक्टर आला होता, आणि साहेब टोपी न काढता वर्गात शिरला. थेट आगगाडी काढलेल्या फळ्यापुढे उभा राहिला.

"काय गं ओझेला, काय शिकवतेस पोरांना?"

"मिसेस टॉलिव्हर म्हणा. आयडा वेल्स शिकवतेय."

साहेबाचे कान लाल झाले. त्यानं पहिल्या बाकावरच्या पोरीकडे बोट केलं. "तू सांग गं. काय केलं त्या बाईनं गाडीत?"

पोरगी उभी राहिली. बाई तिच्यापुढे आल्या. "तिला नको, मला विचारा. चावली ती. मी शिकवलंय."

"पुढल्या वर्षी तुला वर्ग नाही. समजलं?"

बाईंनी खडू उचलला.

"समजलं. पण आज हा वर्ग माझा आहे. जरा बाजूला व्हा, मागच्या मुलांना फळा दिसत नाही."

साहेब बाजूला झाला.